तुंबलेला निपल आणि पेजेची मंद आंच

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घरात गोठ्यावरच्या माळ्यावर पडून असलेला हा पितळी पंपाचा स्टोव्ह. टाकी एक लिटरची, पाय तीन, वर भर्रर्र आवाज करणारा बर्नर. टाकीवर पोर्तुगालच्या तोरिश वेद्राश गावातल्या कासा इपोलितो कारखान्याचा शिक्का आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात हे नवल नव्हतं, पोर्तुगालचा माल बोटीने मुरगावला उतरायचा. नाव कोणतंही असो, रचना मूळ स्वीडनचीच: फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये बाजारात आणलेल्या प्रायमसची. म्हणूनच आपल्याकडे कुठल्याही पंपाच्या स्टोव्हला लोक सर्रास प्रायमस म्हणत आले.

तक्रार अशी: पंप मारला की थोडाफार दाब धरतो, स्पिरिट जाळून बर्नर तापवला तरी निपलमधून, म्हणजे बर्नरच्या मध्यभागी बसवलेल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, काही येत नाही. पिन मारली की दोन-चार मिनिटं पिवळी, काजळी धरणारी ज्योत, की परत गप्प. घरच्यांचं निदान 'निपल तुंबलाय, नवा घाला'. ते अर्धं बरोबर होतं. नवा निपल घालून हा स्टोव्ह पंधरा मिनिटं छान चालला आणि पुन्हा तुंबला. बहुतेक जुने स्टोव्ह याच टप्प्यावर परत माळ्यावर जातात.

रॉकेल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल मधल्या उभ्या नळीतून वर चढतं, बर्नरच्या दोन नळ्यांतून ज्योतीच्या अगदी पोटात जातं, तिथे त्याची वाफ होते आणि ती दुसऱ्या दोन नळ्यांतून खाली उतरून मध्यभागी निपलपाशी पोचते. निपलच्या भोकातून ती जोराने सुटते, वाटेत हवा ओढून घेते, वरच्या चकतीवर आदळून पसरते आणि निळी जळते. या बर्नरला वेगळी चावी नसते. आंच कमी करायची तर टाकीतली हवा सोडायची, वाढवायची तर पंप मारायचा. या प्रकरणाचं मूळ नेमकं त्या हवा सोडण्यात आहे.

आधी टाकी, मग बर्नर

वर्षानुवर्षं पडून असलेला स्टोव्ह रॉकेल भरून लगेच पेटवून पाहण्याचा मोह आवरावा. गोठ्यावरचा माळा हा पितळेला सर्वांत वाईट जागा. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा एकत्र आली की दाबून घडवलेल्या पितळेला आतल्या ताणामुळे केसासारख्या भेगा जातात. ब्रिटिश हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकायची. त्याचं कारण अमोनियाच आहे हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. स्टोव्हच्या टाकीलाही तोच नियम लागू, कारण टाकी पत्रा दाबूनच बनवलेली असते.

म्हणून पहिली तपासणी पाण्याची. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, बर्नरच्या जागी उभी नळी बुचाने बंद करायची आणि पंपाने दाब द्यायचा. नेहमीच्या वापरात टाकीत साधारण एक ते दीड बार दाब असतो; चाचणीत दोन बारच्या पुढे जाऊ नये. सायकलच्या पंपावरचं दाबमापक आणि एक जोडतुकडा असला तर आकडा दिसतो, नसला तर मोजकेच फटके मारावेत. टाकी पाण्यानेच भरलेली असल्यामुळे काही फुटलं तरी पाण्याची चिळकांडी उडते, स्फोट होत नाही. हवेने भरून दाब देणारे लोक भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहावं.

या टाकीचा पत्रा शाबूत निघाला. पंपाची नळी टाकीला जिथे डाखाने जोडलेली असते तिथे मात्र पाणी पाझरलं, आणि बर्नरखालच्या स्पिरिटच्या वाटीला खरोखरच अशी भेग सापडली. वाटीवर दाब नसतो म्हणून ही भेग फारशी कोणी मनावर घेत नाही. पण त्या भेगेतून जळतं स्पिरिट टाकीच्या पाठीवर ठिबकतं, म्हणजे भरलेल्या टाकीखाली नाही तर टाकीवरच आग. वाटी सोनाराकडे देऊन चांदीच्या डाखाने सांधून घेतली. साधा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून विरघळायला लागतो, जळत्या स्पिरिटच्या वाटीत त्याचा भरवसा नाही.

पंपाच्या नळीचा पाझर मात्र साध्या डाखाने भरला. त्याआधी टाकी गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने तीनदा धुतली, आणि डाख देताना सांध्याच्या खाली बोटभर अंतरापर्यंत पाणी भरून ठेवलं. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत रॉकेलची वाफ उरलेली असते. तिला डाख देण्याच्या अवजाराचा ताप लागला तर काय होतं ते सांगायला कोणी उरत नाही.

आतल्या सफाईला लिटरभर उकळत्या पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा. रात्रभर ठेवून ओतल्यावर तपकिरी, चिकट राळ बाहेर आली. हे वर्षानुवर्षं आंबलेलं रॉकेल. त्यानंतर मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून टाकी दहा मिनिटं खळखळवली. लोखंडी नटबोल्ट टाकून खळखळवण्याची पद्धत टाळावी, लोखंडाचे कण मागे राहतात आणि शेवटी तेच निपलात येऊन बसतात. शेवटी लिंबाच्या फुलाचं (सायट्रिक आम्लाचं) पाणी, लिटरला ५० ग्रॅम, अर्धा तास. त्याहून जास्त नको. पितळ जास्त वेळ आम्लात राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबूस गुलाबी छटा उरते. बाहेरून उजळवायला आमसुलं किंवा चिंच आहेच. तिथेही चोळून लगेच धुणं हाच नियम.

निपल: मोजल्याशिवाय पिन नको

आता तक्रारीचा मुद्दा. निपल काढताना जोर लावू नये. बर्नर गरम करून त्यावर पातळ तेल सोडलं, पूर्ण गार होऊ दिलं, हे दोनदा केलं, मग निपलच्या लांब चावीने तो हलला. आटे झिजले असतील तर बर्नरच गेला, म्हणून इथे घाई महागात पडते.

निपलच्या तोंडाशी भोक डोळ्यांना गोल दिसत होतं. भिंगाखाली ते लांबट निघालं आणि वरच्या बाजूने फनेलासारखं पसरलेलं. शिवणकामाची सुई. स्टोव्हची खरी पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला बसवलेली सरळ, सारख्या जाडीची बारीक तार. ती भोकापेक्षा बारीक असते. सुई टोकाकडून जाड होत जाते, म्हणून ती पाचरीसारखी आत घुसते आणि मऊ पितळ बाजूला सारते. एकदा-दोनदा केलं तर चालून जातं. रोज केलं तर भोक मोठं होतं.

किती मोठं ते मोजायला गोव्यात एक सोपं साधन आहे: गिटारच्या तारा. साध्या पोलादी तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात ठरलेली असते आणि पाकिटावर छापलेली असते. १० नंबर म्हणजे ०.२५४ मिमी, ११ म्हणजे ०.२७९, १२ म्हणजे ०.३०५, १३ म्हणजे ०.३३०, १६ म्हणजे ०.४०६. मडगाव, पणजी, म्हापसा, कुठेही सुट्या मिळतात. एक लिटरच्या रॉकेल स्टोव्हचं भोक ०.३ मिमीच्या किंचित पुढे असतं, म्हणजे ढोबळमानाने १२ ची तार आत जावी आणि १३ ची अडावी किंवा जेमतेम जावी. या निपलात १६ ची तार सहज फिरत होती. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, त्यामुळे ०.३२ चं ०.४१ झालं की वाफ दीडपटीहून जास्त सुटते. हवा ओढण्याची क्षमता तेवढी वाढत नाही. सुटणाऱ्या वाफेचा वेग उलट पडतो. पिवळ्या ज्योतीचं आणि भांड्याच्या काजळीचं उत्तर इथे मिळालं.

मात्र ही तार मापापुरतीच वापरायची. पोलादी तार भोकात घालून फिरवली तर ती कानसच.

नवा निपल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वा जुन्या हार्डवेअरच्या दुकानांत शोधावा लागतो. युरोपीय बर्नर आणि भारतीय निपल यांचे आटे जुळतीलच असं नाही, म्हणून आधी बोटांनी दोन आटे फिरवून पाहायचं, चावी नंतर. बसवताना टेफ्लॉनची टेप गुंडाळायची नाही. नळाच्या कामाची ही सवय स्टोव्हला घातक आहे: बर्नरच्या तापात ती टिकत नाही आणि तिचे धागे भोकात जाऊन बसतात. निपल पितळावर पितळ असाच बसतो.

पंधरा मिनिटांनंतर

नवा निपल, नवी निळी ज्योत, आणि पंधरा मिनिटांनी आवाज बारीक होत होत बंद. निपल काढून पांढऱ्या कागदावर उलटा ठोकला तेव्हा काळे, चकचकीत, करकरीत कण पडले. हिरवट, मऊ, मेणासारखा मळ असता तर तो टाकीतून आला असं म्हणता आलं असतं. भुरकट रबरी चुरा असता तर जुन्या वाशराचा. काळा करकरीत कण म्हणजे बर्नरच्या नळ्यांमध्ये बसलेला कोळसा, नव्या जोमाच्या प्रवाहाने सुटून आलेला.

तो तिथे आला कसा? घरातल्या वापराची माहिती घेतल्यावर उत्तर सापडलं. हा स्टोव्ह उकड्या तांदळाच्या पेजेचा होता. पेजेला तासभर मंद आंच लागते. या स्टोव्हवर मंद आंच म्हणजे हवा सोडून दाब उतरवणं. पुरेशा दाबाने वाहणारं रॉकेल नळ्यांना गारही ठेवत असतं. प्रवाह मंदावला की तेच थोडं रॉकेल तापलेल्या नळीत जास्त वेळ रेंगाळतं, वाफ होण्याऐवजी तुटतं आणि कोळसा धरतो. ज्योत मंद दिसते, पण नळीच्या आतला ताप त्या मानाने उतरत नाही. रोजची पेज, रोजचा एक पातळ थर. मग निपल तुंबतो, सुई येते, भोक वाढतं, ज्योत पिवळी पडते, ती पिवळी ज्योत बर्नर नीट तापवत नाही, आणि न वाफाळलेलं रॉकेल आणखी राळ सोडतं.

बर्नर मोकळा करायला पिन किंवा दाबाची हवा पुरत नाही. नळ्या वाकलेल्या, आतला थर काचेसारखा घट्ट. उपाय जुना आहे आणि चुकला तर वाईट आहे, म्हणून सविस्तर.

निपल, वरची चकती, खालचा शिशाचा वाशर, सगळं काढून बर्नर मोकळा करायचा आणि दोन दिवस उन्हात वाळवायचा. आत रॉकेल राहिलेलं चालत नाही. काम अंगणात, अर्धवट अंधारात, संध्याकाळी. अंधार एवढ्यासाठी की रंग दिसावा. गॅसच्या ब्लोटॉर्चने बर्नर सावकाश सगळीकडून तापवायचा, जेमतेम गडद लाल दिसेपर्यंत. चेरीसारखा तांबडा दिसला म्हणजे जास्त झालं. नळ्यांचे सांधे मऊ पडतात आणि तापलेलं पितळ ठोक्याने तुटतं. गडद लाल दिसताच लांब सांडशीने उचलून बादलीभर पाण्यात. पितळ आकसतं, आतला कोळसा तितकाच आकसत नाही, थर तडकतो. बुडवताना नळ्यांची तोंडं स्वतःकडे नसावीत: त्यांतून उकळतं पाणी आणि वाफ फूटभर उडते. चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

पाण्यातून काढून लाकडावर हलके ठोकायचं. या बर्नरमधून पहिल्या खेपेला जवळजवळ काहीच आलं नाही. अनेकजण इथे नाद सोडतात. दुसऱ्या खेपेला पापुद्रे आले, तिसऱ्या खेपेनंतर मिळून चहाचा पाव चमचा. त्यानंतर सायकलच्या ब्रेकची आतली केबल, टोक एक सेंटिमीटर उसवून कुंचल्यासारखं केलेली, प्रत्येक नळीत बोटांनी फिरवत नेली. मग ७० अंशांच्या आसपास गरम लिंबाच्या फुलाच्या पाण्यात (लिटरला १०० ग्रॅम) वीस मिनिटं. माडाचा व्हिनेगरही चालतो, पण त्याचा जोर कमी, वेळ जास्त आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत घरभर वास. शेवटी नळ्यांतून पाणी सोडून ते पांढऱ्या वाडग्यात धरायचं. पाणी दोनदा स्वच्छ आलं की झालं; कान लावून खुळखुळ ऐकणं पुरेसं नाही.

तापवून पाण्यात टाकल्याने पितळ कडक होत नाही, उलट मऊ होतं. त्यामुळे नंतर निपल कसताना पूर्वीचा जोर लावू नये.

सांधे शाबूत आहेत का हे पाहायला निपलच्या जागी बूच, खालून सायकलचा पंप, आणि बर्नर बादलीत. बुडबुडे नाहीत. दोन मिलिमीटर शिशाच्या पत्र्याचा नवा वाशर कापून बर्नर उभ्या नळीवर बसवला.

पंप आणि बाकीचं

चामड्याचा वाशर वाळून खडखडीत झाला होता. त्याला खोबरेल पाजण्याची पद्धत गोव्यात घरोघरी आहे आणि बहुतेक दिवस ती चालते. पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पंप अडकतो तो यामुळे. शिलाई मशीनचं तेल किंवा इंजिन ऑइल बरं. वाशर रात्रभर भिजवून, त्याच्या वाटीसारख्या आकाराचं तोंड खाली ठेवून, हाताने किंचित फुलवून घालायचा.

पंपाचा दांडा मारल्यावर आपोआप वर येतो का ते पाहायचं. येत असेल तर नळीच्या तळाची एकेरी झडप गळते आहे. इथे झडपेतली बुचाची टिकली भुगा झाली होती. तीन मिलिमीटर नायट्राइल रबरातून नवी कापली. सायकलच्या ट्यूबचं रबर वापरू नये, रॉकेलमध्ये ते फुगतं आणि झडप अडवतं. भरण्याच्या बुचाचा वाशरही नायट्राइलचाच.

रॉकेल पांढरं, स्वच्छ, मलमलीच्या दोन घड्यांतून गाळून, टाकीच्या पाऊण भागापर्यंत. पेट्रोल किंवा थिनरचा थेंबही मिसळायचा नाही. आधी तापवायला रंगाच्या दुकानातलं डीनेचर्ड स्पिरिट, साधारण १० मिलि. काजूची फेणी ओतून पाहणारे आहेत. बाटलीतली फेणी ४२.८ टक्के अल्कोहोलची, अर्ध्याहून जास्त पाणीच. बर्नर तापायच्या आधी विझते आणि फेणीही वाया.

स्पिरिट जळून संपत आलं की हवेचा स्क्रू बंद, तीन-चार फटके, ज्योत निळी धरली की आणखी पंधरा. पिवळी उसळी आली तर लगेच हवा सोडायची, फुंकर मारायची नाही. या स्टोव्हवर दुरुस्तीनंतर लिटरभर पाणी सहा मिनिटांत उकळलं. दहा तासांच्या वापरानंतर निपल पुन्हा उघडला: १२ ची तार जाते, १३ ची अडते, कागदावर काळा कण नाही.

पेजेसाठी आता भांड्याखाली जाड बिडाचा तवा आहे आणि दाब पूर्ण ठेवला जातो. तव्यामुळे आंच पसरते, हवा सोडावी लागत नाही. रॉकेल थोडं जास्त लागतं. तरीही कधी हवा सोडून आंच उतरवलीच, तर बंद करण्याआधी पाच-सहा फटके मारून स्टोव्ह दोन मिनिटं पूर्ण जोरात चालवायचा, आणि मगच हवेचा स्क्रू सैल करायचा.